खात्री नंतर, घोषणा आधी

पश्चिम लंडनमध्ये वेस्ट केन्सिंग्टन भागात ॲशफील्ड हाउस नावाची एक ऑफिसची इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर एक भुयारी स्टेशन आहे. वेस्ट ॲशफील्ड हे त्याचं नाव, आणि ते रेल्वेच्या कुठल्याच नकाशावर सापडणार नाही. तिथे प्लॅटफॉर्म आहे, रूळ आहेत, पाट्या आहेत. गाडी येताना अंगावर येणारा वारा आणि पायाखालची थरथर हेसुद्धा तिथे मुद्दाम निर्माण करतात. लंडन अंडरग्राउंडमध्ये भरती झालेल्या माणसांना खऱ्या स्टेशनवर उभं करण्याआधी या खोट्या स्टेशनवर तयार करतात. २०१७ च्या सप्टेंबरात मी तिथे शिकायला लागले.

मी मूळची डोंबिवलीची. लग्न होऊन इथे येईपर्यंत परळ-प्रभादेवी भागातल्या एका ऑफिसात नोकरी केली, म्हणजे रोज सकाळी लोकल आणि परळचा पूल. पर्स पुढे कशी घ्यायची, उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात कधी शिरायचं, रेटा आला की पाय कसा घट्ट रोवायचा, हे सगळं अंगात मुरलेलं होतं. इथे शिकायचं होतं ते त्याच गर्दीकडे जबाबदार माणूस म्हणून पाहणं. पदाचं नाव कस्टमर सर्व्हिस असिस्टंट. तिकिटाच्या गेटपाशी किंवा प्लॅटफॉर्मवर गणवेशातलं जे माणूस दिसतं, ते आम्ही. वाट विचारणाऱ्याला वाट सांगणं हे रोजचं काम, पण प्रशिक्षणाचा भर त्यावर नव्हता. जमिनीखाली काही बिघडलं तर पहिल्या मिनिटात कोणी काय करायचं, यावर होता.

सुरुवात विजेपासून झाली. इथल्या गाड्यांना डोक्यावरून तार नसते, वीज रुळांतूनच येते. म्हणून रूळ चार. दोन चाकांचे, एक बाहेरच्या बाजूला ४२० व्होल्टचा आणि एक मधोमध उणे २१० व्होल्टचा, मिळून ६३० व्होल्ट. काही लाइनींवर आता दाब वाढवून ७५० केला आहे. कर्मचारी त्या विजेला नुसतं ‘ज्यूस’ म्हणतात. ज्यूस बंद झाल्याचं कंट्रोलकडून, म्हणजे लाइनच्या नियंत्रण कक्षाकडून, पक्कं कळल्याशिवाय कोणीही खाली उतरायचं नाही, मग रुळांवर मोबाइल पडलेला असो नाहीतर लहान मुलाचा बूट. बोगद्याच्या भिंतीवर दोन उघड्या तारा समांतर गेलेल्या असतात. अडकलेल्या गाडीच्या चालकाने हात बाहेर काढून त्या दोन तारा चिमटीत एकमेकींना टेकवल्या की त्या टप्प्यातली वीज तुटते. किती जुनी, किती साधी युक्ती! ही रेल्वे १८६३ ची आहे, जगातली पहिली भुयारी रेल्वे. २७२ स्टेशनं, त्यातली बरीचशी शंभर वर्षांहून जुनी, अरुंद, वळणदार. प्लॅटफॉर्मच्या कडेला काचेचे दरवाजे जुबिली लाइनच्या १९९९ सालच्या नव्या भागात मिळतात, बाकी जवळपास सगळीकडे कडा उघडी. म्हणजे प्रवासी आणि गाडी यांच्यात असते ती एक पिवळी रेघ, आणि तिच्यामागे उभा असलेला माणूस.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो किंग्ज क्रॉस स्टेशनच्या आगीला.

१८ नोव्हेंबर १९८७, बुधवार, संध्याकाळचे साडेसात. पिकॅडिली लाइनवरून वर येणारा लाकडी सरकता जिना. भुयारी स्टेशनांत धूम्रपानाला १९८५ पासूनच बंदी होती, तरी बाहेर पडता पडता लोक जिन्यावरच सिगारेट शिलगावत. अशीच कुणाची तरी पेटती काडी पायरी आणि बाजूची फळी यांच्यातल्या फटीतून खाली पडली. खाली वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि त्यात रुतलेले कागदाचे कपटे, धागे, केस. एका प्रवाशाने जिन्याखाली आग दिसते असं येऊन सांगितलं. अग्निशमन दलाचे जवान आले तेव्हा ज्वाळा पुठ्ठ्याचं एखादं मोठं खोकं जळावं एवढ्याच होत्या. पण जिना ३० अंशांत तिरका. ज्वाळा सरळ वर न उठता जिन्याच्या खोबणीत आडव्या झाल्या आणि पुढच्या पायऱ्यांचं लाकूड तापवत वर सरकत गेल्या. पावणेआठ वाजता वरचं तिकीटघर एका झटक्यात पेटलं. ३१ माणसं गेली. सोहो फायर स्टेशनचे अधिकारी कॉलिन टाउन्स्ली त्यांतलेच. एका मृताची ओळख पटायला २००४ साल उजाडावं लागलं.

ज्वाळांच्या त्या वागण्याला आज ‘ट्रेंच इफेक्ट’ म्हणतात. चौकशीच्या वेळी हार्वेलच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी संगणकावर आगीचं गणित मांडलं तेव्हा ज्वाळा आडव्या पडताना दिसल्या आणि आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. मग लहान प्रतिकृती पेटवून खात्री केली. हा भाग विज्ञानाचा, आणि तो मी लक्षपूर्वक ऐकला. पण माझ्या मनात घर करून राहिली ती आधीची पंधरा मिनिटं.

जिन्याखाली पाण्याचा फवारा मारण्याची यंत्रणा होती, ती कुणी चालू केली नाही. लाउडस्पीकर होते, त्यांवरून एक शब्दही बोलला गेला नाही. पिकॅडिलीचा जिना पेटला म्हणून खालच्या लोकांना व्हिक्टोरिया लाइनच्या जिन्याने वर पाठवलं, आणि तो जिनाही त्याच तिकीटघरात उघडत होता. खाली गाड्या येतच होत्या, थांबत होत्या, माणसं उतरत होती. आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः कित्येक वर्षं स्टेशनवर काढली होती. त्या म्हणाल्या, “त्या रात्री ड्यूटीवर असलेली माणसं कामचुकार नव्हती. आग लागली तर काय करायचं हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. तुम्हाला शिकवलं जातंय, म्हणून तुमच्याकडे ती सबब नाही.”

डेस्मंड फेनेल यांचा चौकशी अहवाल १९८८ मध्ये आला, त्यात १५७ शिफारशी होत्या. पुढच्याच वर्षी भुयारी स्टेशनांच्या अग्निसुरक्षेसाठी स्वतंत्र कायदेशीर नियम झाले. जमिनीखालचे लाकडी जिने गेले. प्रत्येक कर्मचाऱ्याला आगीचं प्रशिक्षण आणि त्याची उजळणी सक्तीची झाली. ठरलेल्या संख्येपेक्षा माणसं कमी असतील तर भुयारी स्टेशन उघडताच येत नाही. सकाळी घाईत आलेल्या प्रवाशाला शटर खाली दिसतं, बाहेर ‘कर्मचारी कमी असल्याने बंद’ अशी पाटी दिसते आणि तो चिडतो. मी त्या पाटीशेजारी उभी राहिले आहे, शिव्याही ऐकल्या आहेत. मला त्या पाटीचा अभिमान वाटतो.

वर्गात हे चाललं होतं आणि बाहेर तो सप्टेंबर वेगळंच काही दाखवत होता. १५ तारखेच्या सकाळी डिस्ट्रिक्ट लाइनच्या गाडीत पार्सन्स ग्रीन स्टेशनवर बॉम्ब अर्धवट फुटला. नशिबाने कुणी दगावलं नाही. काही जण भाजले, पण काही जखमी झाले ते जिन्यावर, खाली पळणाऱ्यांच्या रेट्यात सापडून. आणि २९ तारखेला पहाटे उठले तर फोन मेसेजनी भरलेला. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी.

तो माझा जिना होता. परळला उतरून पूल ओलांडायचा आणि एल्फिन्स्टनच्या बाजूला त्याच जिन्याने खाली यायचं, हे मी वर्षानुवर्षं केलं होतं. कुठल्या पायरीची कड झिजली आहे, पावसात पाणी कुठे साचतं, सगळं पाठ. त्या सकाळी पाऊस आला म्हणून माणसं छपराखालीच थबकली. खालून चढणारे थांबले नाहीत, गाड्या माणसं उतरवत राहिल्या. पूल पडला अशी ओरड झाल्याचंही नंतर सांगण्यात आलं. पूल जागच्या जागी उभा होता. तेवीस माणसं गेली. ऑफिसातल्या मैत्रिणींना एकेक करून फोन लावत मी ट्रेनिंगला पोचले. सगळ्या सुखरूप होत्या, हे कळेपर्यंत दुपार झाली.

मी वर्गात हे सांगितलं तेव्हा बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: बेथनल ग्रीन, ३ मार्च १९४३. युद्धाचे दिवस. पूर्व लंडनचं हे स्टेशन अजून पूर्ण व्हायचं होतं आणि लोक हवाई हल्ल्यात आसऱ्याला तिथे जात. त्या रात्री भोंगा वाजला, माणसं जिना उतरू लागली. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कातून विमानविरोधी रॉकेटं सुटली. तो आवाज नवा होता, लोकांना वाटलं बॉम्बच पडला. १९ पायऱ्यांचा ओला जिना, एक मिणमिणता दिवा, मधोमध कठडा नाही. खालच्या पायऱ्यांवर मूल कडेवर घेतलेली एक बाई अडखळली आणि तिच्यावर माणसं पडत गेली. १७३ मेली, त्यांत ६२ मुलं. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. पुढे २०१७ च्याच डिसेंबरात तिथलं स्मारक पूर्ण झालं, उलट्या टांगलेल्या जिन्याच्या आकाराचं. मी मुद्दाम जाऊन पाहून आले.

बेथनल ग्रीनला बॉम्ब नव्हता, एल्फिन्स्टनला पूल पडला नव्हता. किंग्ज क्रॉसला आग खरी होती, पण पंधरा मिनिटं हाताशी होती. मी स्वतःशी पक्कं केलं ते तेव्हा: गर्दीला काय झालंय हे कुणीतरी ताबडतोब, ठाम आवाजात सांगायला हवं, आणि मागून येणारी माणसं थांबवायला हवीत. नेमकं काय झालंय याची खात्री नंतर करता येते.

यासाठी हाताशी काय असतं ते सांगते, कारण प्रवाशाला यातलं काहीच दिसत नाही. सुपरवायझरच्या खोलीत कॅमेऱ्यांचे पडदे असतात, माइक असतो, लाइन कंट्रोलशी थेट संपर्क असतो. प्लॅटफॉर्म भरत चालला की आधी गेटं फक्त बाहेर जाण्यासाठी ठेवतात. खाली जाणारा सरकता जिना थांबवतात किंवा वर जाणारा करतात. तेवढ्याने भागलं नाही तर रस्त्यावरचं शटर अर्धं ओढून आत येणं बंद. त्याहीपुढे कंट्रोलला सांगून गाड्या न थांबवता पुढे काढतात. या प्रत्येक पायरीला बोलणं जोडलेलं असतं: स्टेशन का थांबवलं, किती वेळ लागेल, जवळचं दुसरं स्टेशन कुठलं. गप्प बसून ओढलेलं शटर माणसांना घाबरवतं. तेच शटर बोलत बोलत ओढलं तर लोक कुरकुरतात, पण वळतात.

आणि एक ठरलेली घोषणा असते. धुराचा किंवा आगीचा सेन्सर वाजला की स्टेशनभर रेकॉर्ड केलेला आवाज घुमतो: इन्स्पेक्टर सँड्स यांनी ताबडतोब ऑपरेशन्स रूममध्ये यावं. असे कोणी इन्स्पेक्टर नाहीत, ती आम्हा कर्मचाऱ्यांसाठी खूण. लंडनच्या बऱ्याच लोकांना हे आता ठाऊक आहे, म्हणून इथे सांगायला हरकत नाही. खऱ्या स्टेशनवर पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी गेटपाशी होते. रेडिओवर सुपरवायझरचा आवाज: खालच्या प्लॅटफॉर्मजवळच्या स्टोअररूमचा सेन्सर. एकजण तिकडे बघायला निघाला. एकजण पॅनेलपाशी. माझं काम गेटं उघडायच्या तयारीत राहणं आणि जिन्याच्या माथ्याशी नजर ठेवणं. ठरलेल्या वेळेत खालून ‘काही नाही’ असं आलं नाही, तर स्टेशन रिकामं करण्याची घोषणा आपोआप सुरू होते, हेच त्यातलं मोलाचं. निर्णय माणसाच्या धिटाईवर टांगलेला राहत नाही. काही केलं नाही तर यंत्रणा सुरक्षित बाजूलाच झुकते. त्या दिवशी खाली धूळ निघाली. पुढे एकदा मात्र कचऱ्याच्या पिशवीतून खरंच धूर येत होता, आणि आम्ही स्टेशन रिकामं केलं. लोक मुकाट्याने वर आले. माइकवर जो होता तो एकसारखा, एकाच लयीत बोलत होता, त्याने हे झालं.

२४ नोव्हेंबर २०१७ ला, खरेदीच्या गर्दीच्या शुक्रवारी, ऑक्सफर्ड सर्कसच्या प्लॅटफॉर्मवर दोन माणसांची बाचाबाची झाली आणि गोळीबाराची अफवा उठली. वर रस्त्यावर हजारो लोक सैरावैरा पळाले. सोळा जणांवर उपचार करावे लागले. गोळी कुठेच सुटली नव्हती. मी त्या संध्याकाळी मध्य लंडनच्याच दुसऱ्या एका स्टेशनवर होते. आमच्याकडे पळत आलेल्या मुली रडत विचारत होत्या, तिकडे काय झालंय? मला काहीच माहीत नव्हतं. जे माहीत होतं तेवढंच मी सांगत राहिले: ऑक्सफर्ड सर्कसला गाड्या थांबत नाहीत, इथे सगळं ठीक आहे, भिंतीकडेने उभ्या राहा, वाट मोकळी ठेवा. पोलिसांकडून काही कळलं की मीच येऊन सांगेन. तेवढ्यावर त्या शांत झाल्या.

रोजचे अपघात मात्र याहून कितीतरी साधे असतात आणि त्यातले फार मोठ्या प्रमाणावर सरकत्या जिन्यावरचे. सामान घेऊन चढणारे, दारू प्यालेले, फोनमध्ये डोकं घातलेले. उन्हाळ्यात आपल्याकडची मंडळी मुलांकडे येतात. एकदा साठी उलटलेलं एक जोडपं जिन्याच्या तोंडाशी घुटमळत होतं. काकूंची रेशमी साडी, पदर मोकळा, निऱ्या थेट पावलांवर आलेल्या. मी मराठीत म्हटलं, “काकू, थांबा. निऱ्या जरा वर धरा आणि पदर कमरेला खोचून घ्या.” मराठी ऐकून दोघं चकितच झाले. जिन्याच्या शेवटी पायऱ्या जिथे जमिनीखाली जातात तिथे लोखंडी दात्यांचा कंगवा असतो, कापड नेमकं तिथे किंवा बाजूच्या फटीत ओढलं जातं. कडेला लावलेले काळे ब्रश बूट पुसायला नसतात, पाय फटीपासून लांब राहावा म्हणून असतात. काकांनी विचारलं, “आणि अडकलंच तर?” मी त्यांना लाल बटण दाखवलं. वर एक, खाली एक. कुणीही दाबू शकतं. दाबण्याआधी वरच्यांना ‘धरून उभे राहा’ असं ओरडून सांगायचं, कारण जिना थांबताना धक्का बसतो. काकूंना मी लिफ्टने नेलं.

प्लॅटफॉर्मवरच्या ड्यूटीत आणखी एक गोष्ट असते, तिच्याबद्दल थोडक्यातच लिहिते. एखादी व्यक्ती गाड्यामागून गाड्या सोडत एकटीच बसून असते. आम्हाला शिकवलेलं असतं की जवळ जा, बोला. समरिटन्स ही संस्था रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना याचं प्रशिक्षण देते. भारी शब्द लागत नाहीत. एका दुपारी मी अशा एका मुलाला विचारलं, “थंडी आहे, चहा घेणार?” तो उठून माझ्याबरोबर वर आला. चहा गार झाला, पण तो बोलत राहिला, आणि तोवर त्याच्या घरचं माणूस येऊन पोचलं. माइकवरची घोषणा आणि हे बोलणं, मला यात फार फरक वाटत नाही.

हे सगळं करायचं तर आधी आम्ही उभं राहू शकलो पाहिजे. कर्मचाऱ्याची सुरक्षितता हा वेगळा विषय आहे असं समजतात, ते मला पटत नाही. गेटपाशी माणूस नसेल तर ती गेटं उघडी ठेवावी लागतात, आणीबाणीत कुणी त्यात अडकू नये म्हणून. म्हणजे आमचं तिथे असणं हीच एक तरतूद. आणि तिथेच सगळ्यात जास्त त्रास होतो. एका शुक्रवारी रात्री एक दारुडा दुसऱ्या प्रवाशाला चिकटून गेटातून घुसला. त्याला अंगाने अडवायचं नाही हे पक्कं शिकवलेलं असतं, मी अडवलं नाही. फक्त म्हटलं, “सर, तिकीट?” तो वळून माझ्या तोंडावर थुंकला. स्टेशनवर थुंकीचा नमुना घ्यायचा एक छोटा संच असतो: हातमोजे, कापसाच्या काड्या, बंद करायची पिशवी. सहकाऱ्याने माझ्या गालावरून आणि कॉलरवरून नमुना घेतला, पिशवी बंद करून पोलिसांकडे दिली. त्यातून डीएनए मिळतो आणि खटला उभा राहतो. हात थरथरत असताना तो नमुना घेईपर्यंत तोंड धुवायचं नाही, हे फार जड जातं. त्यानंतर गणवेशावर लावायचे कॅमेरे आले. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की बरेच जण आवाज खाली आणतात, हा माझा अनुभव. डिसेंबर २०२४ मध्ये एलिझाबेथ लाइनवरच्या इलफर्ड स्टेशनात एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यावर हल्ला झाला आणि दोन दिवसांनी ते गेले. ते आमच्यासारखंच काम करत होते. त्या आठवड्यात आमच्याकडे कुणी फारसं बोललं नाही.

त्याआधी, ५ मे २०२३ रोजी क्लॅपहम कॉमनला जे झालं ते आता आमच्या उजळणीत शिकवतात. गाडीत जळका वास आला, प्रवाशांनी आपत्कालीन साखळीसारखं असलेलं हँडल ओढलं, गाडी स्टेशनातून सुटता सुटताच थांबली. डबे भरलेले, दरवाजे बंद, आणि आत काही ऐकू येईना. लोकांनी खिडक्या फोडल्या आणि त्यांतून बाहेर पडले. बाहेरून दरवाजे उघडायला काही मिनिटं लागली. आग नव्हतीच. त्या बातमीतला फोडलेल्या काचांचा फोटो पाहिला की माझ्या डोळ्यांसमोर फेनेल यांच्या अहवालातला मुका लाउडस्पीकर येतो. छत्तीस वर्षांचं अंतर, पण बंद डब्यातल्या माणसाला हवं असतं ते तेच: मला ऐकू येतंय का, कुणाला कळलंय का, मी थांबू की पळू. प्रवाशांसाठी एक सूचना इथेच: बोगद्याच्या मधोमध हँडल ओढू नका, शक्यतो पुढचं स्टेशन येऊ द्या. तिथे आम्ही असतो. आणि ब्रिटनमध्ये रेल्वेत काही संशयास्पद वाटलं, कुणी त्रास देत असेल, तर वाहतूक पोलिसांना ६१०१६ या क्रमांकावर गुपचूप मेसेज करता येतो.

२०२५ च्या डिसेंबरात घरी आले तेव्हा आई आणि भाचीबरोबर मेट्रो तीनने सिद्धिविनायक ते हुतात्मा चौक गेले. साडेतेहतीस किलोमीटरची लाइन, २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली, आणि ऑक्टोबरात ती थेट कफ परेडपर्यंत सुरू झालेली. प्लॅटफॉर्मवर छतापर्यंतचे काचेचे दरवाजे पाहून मला भरून आलं. लंडनला जे एकशे छत्तीस वर्षांनी, तेही थोड्याच स्टेशनांत जमलं, ते आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. रुळांवर पडण्याचा धोका त्या काचेने संपवला. आई म्हणाली, “मग तुझं काम इथे नाहीच की गं.” मी तिला म्हटलं, “आहे आई. धूर काचेला विचारत नाही.” त्याच वर्षी २६ मे रोजी वेळेआधीच आलेल्या मुसळधार पावसात आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं होतं, तेव्हा गाड्या वरळीपर्यंतच चालवून ते स्टेशन बंद ठेवलं. त्यावर पुष्कळ टीका झाली. पाणी का शिरलं हा प्रश्न विचारायलाच हवा. पण स्टेशन बंद केलं याबद्दल ज्यांनी नावं ठेवली त्यांच्याशी मी सहमत नाही. भाचीला मी जाता जाता दाखवलं: बाहेर पडायचे किमान दोन रस्ते आधी बघून ठेवायचे, हिरवी पाटी कुठे आहे ती पाहायची, जिन्यावर माणूस पडलं तर लाल बटण. तिने हुतात्मा चौकाला उतरल्यावर मला न विचारता दुसरा रस्ता शोधून दाखवला. माझी एक मनापासूनची मागणी आहे: आपल्या भुयारी मेट्रोत स्टेशन रिकामं करण्याचा सराव प्रवाशांना सोबत घेऊन व्हावा. शाळा-कॉलेजातली मुलं, मंडळांचे कार्यकर्ते आनंदाने येतील. गणपतीच्या गर्दीत दोरी धरून माणसांना वळवणारी ही मुलं आहेत, त्यांना ‘मागून येणारे थांबवा’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता नवीन भरती झालेली मुलं-मुली कधीकधी माझ्याबरोबर शिफ्ट करतात. मी त्यांना पहिल्याच दिवशी माइकपाशी बसवते. बहुतेकांना गाडीच्या आवाजावर आपला आवाज चढवायचा असतो. मी सांगते, चढवू नका, सावकाश बोला, तेच पुन्हा बोला. मागच्या आठवड्यात एका मुलाने विचारलं, “मी जिने बंद केले, लोकांना बाहेर काढलं, आणि खाली काहीच निघालं नाही तर?”

“तर स्टेशन पुन्हा उघडायचं,” मी म्हटलं, “आणि नोंदवहीत वेळ आणि कारण लिहायचं. त्या रकान्यात ‘धूळ’ असं कित्येकदा लिहिलेलं सापडेल, त्यातली काही अक्षरं माझी आहेत.” त्याने वही उघडून पाहिली, मग खुर्ची पुढे ओढून माइकचं बटण दाबलं आणि पुढच्या गाडीची घोषणा केली.